कागद कन्नडमध्ये, घर मराठी : सीमाभागात नवा फोन असा लावून घ्या

खानापूर, निपाणी, बेळगाव ग्रामीण, यातलं कुठलंही मराठी घर घ्या. वीजबिल हेस्कॉमचं, ते कन्नडमध्ये. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या पैशांबद्दलचा मेसेज कन्नडमध्ये. बँकेचा इंग्रजीत. आणि व्हॉट्सॲपवरचा भाचीच्या बारशाचा निरोप मराठीत. हे सगळं एकाच फोनवर येतं. खडेबाजारातून किंवा गावच्या दुकानातून आणलेला तो फोन बहुतेक वेळा दुकानदाराने लावून दिला तसाच, म्हणजे इंग्रजीत, वापरला जातो.

त्यामुळे होतं असं की मेसेज आला की आई किंवा आज्जी फोन घेऊन शेजारी जाते, नाहीतर सायबरवाल्याकडे. तो वाचून सांगतो, मग 'ओटीपी आलाय तो द्या' म्हणतो, आणि तोही दिला जातो. बहुतेक वेळा तो माणूस चांगलाच असतो. पण आपला फोन आपल्याला वाचता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या हाती द्यायचा, ही सवयच पुढे महागात पडते. फसवणाऱ्याचा फोन येतो तेव्हा तोही 'मी वाचून सांगतो, तुम्ही फक्त नंबर सांगा' एवढंच म्हणत असतो.

म्हणून नवा फोन आला की कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे नंतर बघा. आधी तो घरच्या माणसाला वाचता येईल असा करून द्या. रविवारची एक दुपार पुरते. पुढची माहिती अँड्रॉइड फोनसाठी आहे. सॅमसंग, व्हिवो, शाओमी, प्रत्येकाची सेटिंगची मांडणी थोडी निराळी असते. मी सांगतो तो पर्याय सापडला नाही, तर सेटिंग उघडून सगळ्यात वरच्या शोधपट्टीत त्याचं नाव लिहा, लगेच समोर येतो.

जुना फोन घेत असाल तर आधी एवढं

नवा, सीलबंद फोन असेल तर हा भाग सोडून पुढे जा. वापरलेला फोन घेताना मात्र पैसे देण्याआधी दोन गोष्टी दुकानातच करायच्या. डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबा. पडद्यावर पंधरा आकड्यांचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनची ओळख सांगणारा क्रमांक येतो. मग एसएमएसमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो क्रमांक, आणि पाठवा १४४२२ वर. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, हे उत्तरात कळतं. दूरसंचार खात्याची ही सोय आहे. बिलावरचा आयएमईआय आणि पडद्यावरचा आयएमईआय जुळतो का तेही बघा. बिल देत नाही म्हणाला, तर कितीही स्वस्त असला तरी तो फोन घेऊ नका.

दुसरं म्हणजे आधीच्या मालकाचं गूगल खातं फोनमधून काढलेलं आहे ना, याची खात्री त्याच्यासमोरच करा. ते राहून गेलं आणि पुढे फोन पूर्ण पुसावा लागला, तर फोन त्याच जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि त्याशिवाय पुढे सरकत नाही.

फोन मराठीत करा, पण क्रम जपून

सेटिंगमध्ये सिस्टम, त्यात भाषा. 'भाषा जोडा' वर टिचकी मारली की यादीत मराठी तिच्याच लिपीत लिहिलेली सापडते. ती जोडा आणि ओढून पहिल्या क्रमांकावर न्या. इंग्रजी दुसऱ्या क्रमांकावर राहू द्या. या क्रमाला महत्त्व आहे. ॲपमध्ये मराठी नसेल तर फोन यादीतली पुढची भाषा घेतो. काही जण उत्साहाने कन्नड दुसरी ठेवतात. घरात कन्नड वाचणारं कुणी नसेल, तर मग निम्मी ॲपं कन्नडमध्ये उघडतात आणि आधीपेक्षा जास्त गोंधळ होतो. कन्नड वाचायची सोय निराळी आहे, ती पुढे येईल.

मराठी केल्यावर बऱ्याच ठिकाणी तारखा आणि आकडेही देवनागरीत दिसू लागतात. वयस्कर माणसांना ते आवडतं. मुलांना मेनूमधले काही मराठी शब्द जड वाटतात, तेही खरं आहे. पण फोन आज्जीचा असेल तर आज्जीला काय वाटतं ते विचारा.

अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. हे फार उपयोगाचं आहे आणि फारसं कुणाला माहीत नसतं. सेटिंगमध्ये भाषेच्याच पानावर 'ॲप भाषा' असा पर्याय असतो. व्हॉट्सॲप मराठीत ठेवा. बँकेचं ॲप मात्र, पुण्यात किंवा गोव्यात असलेला मुलगा फोनवरून 'आता हे दाब, मग ते दाब' असं सांगणार असेल, तर इंग्रजीतच ठेवलेलं बरं, म्हणजे दोघांना एकच शब्द दिसतात.

अक्षरांचा आकार त्याच वेळी वाढवून घ्या. डिस्प्लेमध्ये तो पर्याय असतो. एक पायरी वाढवून भागत नाही, दोन वाढवा. आणि मग ज्याचा फोन आहे त्याला चष्म्याशिवाय एक मेसेज वाचायला लावा.

लिहिणं : बोलून, टाइप करून, आणि एक तिसरी वाट

कीबोर्ड गूगलचा, म्हणजे जीबोर्ड, असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये भाषा जोडताना मराठीचे दोन-तीन प्रकार दिसतात. एकात थेट देवनागरी अक्षरं असतात. दुसऱ्यात इंग्रजी अक्षरांत 'kasa' लिहिल्यासारखं टाइप करायचं आणि वर देवनागरीत शब्द सुचवले जातात. तिसऱ्यात बोटाने पडद्यावर अक्षर काढायचं. शाळा मराठीत झालेल्या, पण इंग्रजी टायपिंगची सवय नसलेल्या माणसाला हा तिसरा प्रकार पटकन जमतो. आमच्याकडे वयस्कर मंडळींना मी आधी हाच लावून देतो.

सुचवलेल्या शब्दांतून निवडताना 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'सुऱ्या' या शब्दांकडे नीट बघा. यादीत 'र्य' किंवा 'र्ह' असलेलं चुकीचं रूपही अनेकदा असतं. दोन-चार वेळा बरोबर रूप निवडलं की कीबोर्ड तेच आधी सुचवायला लागतो.

बोलून लिहिण्यासाठी कीबोर्डवरच्या माइकच्या चिन्हावर टिचकी मारा. आधी स्पेसबारवर भाषा मराठी आहे ना ते बघा, नाहीतर मराठी बोललेलं इंग्रजी अक्षरांत काहीतरी भलतंच उमटतं. आपल्याकडच्या बोलण्यात कन्नड शब्द सहज येतात, वाक्याचा हेल वेगळा असतो. तो बदलायची गरज नाही. फक्त वाक्यं लहान ठेवा आणि गावांची नावं एकदा तपासा, 'बेकिनकेरे' आणि 'कुद्रेमानी' यांचं यंत्र काय करील ते सांगता येत नाही.

ज्यांच्या घरात कॉम्प्युटर आहे आणि मुलं शाळेत कन्नड शिकतात, त्यांनी इनस्क्रिप्ट जरूर शिकावं. १९९१ च्या भारतीय मानकातला हा कीबोर्डचा आराखडा आहे आणि तो सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आहे. इंग्रजी के दाबला की क, एच दाबला की प, एल दाबला की त. भाषा कन्नड केली की त्याच बटणांवर कन्नडमधली क, प, त ही अक्षरं उमटतात. 'काका' लिहायला मराठीतही के, ई, के, ई आणि कन्नडमध्येही के, ई, के, ई. बोटं एकदाच शिकतात आणि दोन लिप्या हाती येतात. देशात इतरत्र एखाद्याला याचा किती उपयोग होईल ठाऊक नाही, पण बेळगाव, खानापूरच्या मुलांना याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड हे दोन्ही कीबोर्ड आधीपासून असतात, नुसते चालू करायचे. सुरुवातीचा आठवडा कंटाळवाणा जातो, तेवढं सोसायचं.

कन्नड कागद समोर आला, आता काय?

आता मुख्य भाग. कन्नड मेसेज आला की लोक थेट भाषांतराकडे धावतात. मी म्हणेन, थांबा. आधी स्वतःला विचारा, मला कन्नड ऐकून कळतं का?

सीमाभागातल्या कितीतरी मराठी माणसांना कन्नड बोललेलं समजतं. बाजारात, एसटीत, दवाखान्यात ते रोज ऐकलेलं असतं. अडतं ते लिपीपाशी. अशा माणसाला भाषांतर नको, त्याला कुणीतरी वाचून दाखवायला हवं. ते काम फोन फार चांगलं करतो. कारण अक्षर ओळखून वाचताना यंत्र क्वचित चुकतं, भाषांतर करताना बऱ्याचदा चुकतं.

गूगलचं ॲप उघडा, शोधपट्टीतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर टिचकी मारा. हेच लेन्स. कागदावर उजेड पुरेसा असू द्या, फोन कागदाला समांतर धरा आणि फोटो काढा. अक्षरांवर बोट ठेवून हवा तेवढा मजकूर निवडा. खाली जे पर्याय येतात त्यात 'ऐका' असतो. तो दाबला की फोन तो मजकूर कन्नडमध्ये मोठ्याने वाचतो. फोनवरच आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढायचा आणि तो लेन्समध्ये उघडायचा, बाकी कृती तीच. माझ्या माहितीतल्या एका मावशींना हे दाखवलं तेव्हा त्यांनी वीजबिलाची मागची बाजू, जिच्याकडे कधी कुणी बघत नाही, ती पूर्ण ऐकून घेतली.

ऐकायची अडचण असेल, किंवा मजकूर सावकाश वाचायचा असेल, तर दुसरी वाट आहे. लेन्समध्ये निवडलेला मजकूर कॉपी करा आणि अक्षरमुख नावाच्या संकेतस्थळावर चिकटवा. ते भाषांतर करत नाही, फक्त लिपी बदलून देतं. कन्नड शब्द तेच राहतात, अक्षरं देवनागरी होतात. ज्याला भाषा कळते आणि लिपी येत नाही, त्याला हे वाचायला मिळणं म्हणजे बंद खिडकी उघडल्यासारखं आहे. ते फुकट आहे.

ज्यांना कन्नड अजिबात कळत नाही, त्यांनी गूगल ट्रान्सलेट वापरावं. डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी निवडा आणि कॅमेरा मजकुरावर धरा. छापील मजकुराचा सारांश नक्की कळतो. पण महत्त्वाच्या कागदाचं भाषांतर दोनदा करा, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत किंवा हिंदीत. दोन्हीचा अर्थ जुळला तर ठीक. जुळला नाही तर कन्नड येणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. याला कारण आहे. कन्नडमध्ये नकार अनेकदा क्रियापदाच्या शेवटाला चिकटून येतो. 'बरुत्तदे' म्हणजे येतं, 'बरुवुदिल्ल' म्हणजे येत नाही. फोटोत शेवटची दोन अक्षरं घडीत गेली किंवा शिक्क्याखाली दडली, तर 'अर्ज मंजूर झालेला नाही' याचं काहीही होऊ शकतं. फोटो काढताना ओळीचा शेवट पूर्ण आला आहे का, हे बघायची सवय लावा.

हाताने लिहिलेलं कन्नड, पुसट शिक्का, तलाठ्याची सही आणि तिच्याशेजारचा शेरा, इथे यंत्रावर विसंबू नका.

सरकारी पीडीएफचीही एक खोच आहे. कर्नाटकातली बरीच जुनी परिपत्रकं नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये केलेली असतात. त्यातला मजकूर कॉपी करून ट्रान्सलेटमध्ये टाकला की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. अशा वेळी पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि लेन्सने वाचा. लेन्स चित्र बघून अक्षर ओळखतं, फाँटशी त्याला देणंघेणं नसतं. संकेतस्थळ कन्नडमध्ये असेल तर आधी वरच्या कोपऱ्यात इंग्रजीचा पर्याय आहे का ते बघा. नसेल तर क्रोमच्या तीन ठिपक्यांत 'भाषांतर करा' आहे, तिथे मराठी निवडा.

आता शेतीचा उतारा. भूमी या कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरून आरटीसी, म्हणजे आपण ज्याला पहाणी किंवा सरळ उतारा म्हणतो, तो घरी बसून बघता येतो. तो कन्नडमध्ये असतो आणि त्यात रकाने दाटीवाटीने बसवलेले असतात. सगळ्या पानाचा एकच फोटो काढून भाषांतर केलंत तर रकाने एकमेकांत मिसळतात. एकेका रकान्याचा जवळून फोटो घ्या. रकाना ९ मध्ये मालकाचं नाव असतं, ११ मध्ये बोजा, म्हणजे कर्ज आणि इतर हक्कांच्या नोंदी. हे दोन आधी वाचा. नाव वाचताना भाषांतराचा पर्याय चुकूनही वापरू नका. यंत्र नावाचाही अर्थ लावायला जातं, 'होसूर' या गावाचं 'नवीन गाव' होऊ शकतं. नावांसाठी लेन्सचं 'ऐका' किंवा अक्षरमुखच. वडिलांच्या नावातलं एखादं अक्षर चुकलेलं असेल तर ते असंच सापडतं, आणि ते आज सापडलेलं बरं. वाटणीच्या वेळी किंवा पीककर्जाच्या वेळी सापडलं तर महिनोन्महिने हेलपाटे घालावे लागतात.

क्षेत्र आकड्यांत वाचा, पण एकक लक्षात ठेवा. कर्नाटकात एकर-गुंठ्यांत लिहितात, ४० गुंठ्यांचा एक एकर. महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या पाहुण्यांचा सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करणार असाल तर आधी एकक सारखं करा. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर.

कचेरीत जाताना उलट्या दिशेची सोय कामाला येते. ट्रान्सलेटमध्ये संभाषणाचा पर्याय आहे. तुम्ही मराठीत बोला, फोन कन्नडमध्ये बोलतो, समोरचा कन्नडमध्ये बोलला की मराठी ऐकू येतं. काउंटरवर गर्दी असते, कुणाला वेळ नसतो. म्हणून घरीच आपलं म्हणणं दोन-तीन छोट्या वाक्यांत लिहून त्याचं कन्नड करून ठेवा, आणि तिथे पडदा पुढे करा. काम लवकर होतं आणि बोलताना होणारी ओढाताण टळते. आपल्या भाषेत कागद मिळावा ही अपेक्षा आपल्या जागी रास्त आहे. पण आज आलेल्या नोटिशीची मुदत तिच्यासाठी थांबत नाही.

एक काम घरात वायफाय किंवा चांगलं नेट असतानाच करून ठेवा. ट्रान्सलेटच्या सेटिंगमध्ये जाऊन कन्नड आणि मराठी, दोन्ही भाषा ऑफलाइन डाउनलोड करा. मग नेट नसतानाही टाइप केलेल्या मजकुराचं भाषांतर होतं. जांबोटी, कणकुंबीकडे राहणाऱ्यांना ते का हवं, हे सांगायला नको.

लेन्स आणि ट्रान्सलेट फोटो गूगलकडे पाठवून वाचतात. म्हणून आधार कार्ड, पासबुक, एटीएम कार्ड यांच्यावर कॅमेरा धरू नका. कागदावर खाते क्रमांक असेल तर तेवढ्या भागावर बोट किंवा कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा.

दोन राज्यांच्या टॉवरमधला फोन

शिनोळीच्या बाजूला किंवा कोगनोळी टोलनाक्याजवळ राहणाऱ्यांचा हा रोजचा अनुभव आहे. पडद्यावर नेटवर्कच्या काड्या पूर्ण, पण इंटरनेट चालत नाही. दूरसंचार कंपन्यांच्या हिशेबात कर्नाटक हे एक सर्कल, म्हणजे सेवेचा विभाग, आहे, आणि मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं. फोन जवळचा दमदार टॉवर पकडतो, तो पलीकडच्या सर्कलचा असला की काही फोनना आपण रोमिंगमध्ये आलो असं वाटतं. डेटा रोमिंग बंद असेल तर नेट थांबतं.

सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क उघडा, सिम निवडा आणि 'डेटा रोमिंग' चालू करा. लोक बिलाच्या भीतीने हे बंद ठेवतात. देशातल्या देशात आजच्या बहुतेक अनलिमिटेड प्लॅनवर रोमिंगचे वेगळे पैसे पडत नाहीत. फार स्वस्त, नुसता नंबर चालू ठेवायचा प्लॅन असेल तर मात्र त्याचे नियम आधी वाचा. परदेशी जाताना हे बटण आठवणीने बंद करा.

रिचार्ज करताना ॲप सर्कल विचारतं. तिथे तुम्ही कुठे राहता ते बघायचं नसतं, तर नंबर ज्या सर्कलमध्ये आहे ते निवडायचं असतं. खानापूरची कितीतरी मुलं गोव्यात कामाला असतात, तिथे घेतलेला नंबर महाराष्ट्र-गोवा सर्कलचा. तो खानापुरात वापरला तरी त्याचं सर्कल तेच राहतं. कायमचे परत आला असाल तर नंबर न बदलता सर्कल बदलता येतं, ३ जुलै २०१५ पासून देशभर ही सोय आहे. पोर्ट हा शब्द इंग्रजीत, एक जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवायचा. जो कोड येतो तो नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा. कोड चारच दिवस चालतो, तेव्हा आधी दुकान ठरवा, मग मेसेज पाठवा.

जाड भिंतींच्या जुन्या घरात किंवा खानापूरच्या डोंगराळ भागात घरात आवाज तुटतो, पण घरात फायबरचं वायफाय असेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू करा. नेहमीच्याच नंबरवरून, नेहमीसारखाच फोन लागतो, फक्त तो वायफायवरून जातो. पावसाळ्यात वीज गेली की राउटरही बंद पडतो, हे मात्र धरून चाला. आणि फाइव्हजी नुसतं येऊन-जाऊन असेल अशा गावात नेटवर्कचा प्रकार फोरजीवर ठेवा. फोन सतत शोधत राहत नाही, बॅटरी टिकते.

भाषेच्या आडून होणारी फसवणूक

'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा.' अशा मेसेजनी देशभर लोकांना गंडवलं आहे. ज्याला हेस्कॉमचा खरा मेसेज कसा असतो हेच वाचता येत नाही, तो इथे सहज सापडतो. म्हणून वर सांगितलेलं कन्नड वाचण्याचं तंत्र आज्जीला, मावशीला स्वतः करता येईपर्यंत शिकवा, नुसतं लावून देऊ नका.

मेसेज कुठून आला हे आधी बघा. २०२५ पासून कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा, एस म्हणजे सेवेचा, पी म्हणजे जाहिरातीचा. वीज तोडण्याची किंवा अनुदानाची गोष्ट साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आली असेल, तर ती वाचायचीही गरज नाही.

सध्या मोठा धोका आहे तो व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या फाइलचा. पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि एपीके ही अक्षरं असतील तर ते ॲप आहे, आणि ते उघडून बसवलं की तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपीसुद्धा, दुसऱ्याला दिसू शकतात. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, त्याचा फोन आधीच हॅक झालेला असू शकतो. आधी त्याला फोन करून विचारा. गाडीच्या दंडाचं चलन म्हणूनही अशीच फाइल येते. सेटिंगमध्ये 'अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करा' शोधा आणि व्हॉट्सॲपसमोरची परवानगी बंद आहे ना ते बघा.

पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी म्हणून व्हिडिओ कॉल करून 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असं कुणी हिंदीत किंवा इंग्रजीत दरडावलं, तर फोन ठेवून द्या. अशी अटक कायद्यात नाही. घरातल्या वयस्कर माणसांना हे एकदा नाही, चार वेळा सांगा. अधिकाऱ्याचा फोन मध्येच ठेवणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं, आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात.

संचारसाथी या सरकारी संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघता येतं. ओटीपी टाकला की यादी येते. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच 'हा माझा नाही' अशी नोंद करा. फोन हरवला तर तो बंद करायची सोयही तिथेच आहे. त्यासाठी पोलिसांतल्या तक्रारीची प्रत आणि आयएमईआय लागतो, म्हणून आयएमईआय आजच घरातल्या वहीत लिहून ठेवा. फोनच्या डब्याचा भरवसा नको, डबा नेमका त्याच वेळी सापडत नाही.

पैसे गेलेच तर कुणाला सांगू, काय म्हणतील, यात वेळ घालवू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर रक्कम गोठवता येते, म्हणून पहिल्या तासाला किंमत आहे. फोन करताना हाताशी चार गोष्टी ठेवा : आपली बँक आणि खाते क्रमांक, किती रक्कम गेली, किती वाजता, आणि व्यवहाराचा क्रमांक, जो बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा यूपीआय ॲपच्या इतिहासात असतो. समोरून कन्नडमध्ये बोललं गेलं तर 'मराठी' किंवा 'हिंदी' एवढंच म्हणा, नाहीतर घरातलं कन्नड येणारं माणूस शेजारी बसवा. तक्रार नोंदवल्यावर मिळालेला क्रमांक वहीत आयएमईआयच्या शेजारी लिहा. बँकेत आणि पोलीस ठाण्यात आधी तोच विचारतात.